पहाटे बॅटरी उतरली की झटका मशीन का रडते: कमी व्होल्टेजवरच्या फ्लायबॅकचे दुखणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, शेताच्या कुंपणाचे सोलर झटका मशीन घरी बनवले आहे. यूसी३८४३ हा कंट्रोल आयसी, आयआरएफ५४० हा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), आणि ईई२५ फेराइट कोअरवर १२ टर्न (वेढे) प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडचे वाइंडिंग, व १४४ टर्न सेकंडरी, म्हणजे आउटपुटचे. या मांडणीला फ्लायबॅक म्हणतात. प्रायमरी २० मायक्रोहेनरी मोजली आहे, करंट मोजणारा सेन्स रेझिस्टर ०.२ ओहम, फ्रीक्वेन्सी ५० किलोहर्ट्झच्या आसपास. ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टपर्यंत भरतो आणि सव्वा सेकंदाला एकदा एससीआर (ट्रिगर मिळाला की चालू होणारा स्विच) तो पल्स ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतो. दिवसा पॅनलवर ऊन असताना सगळे उत्तम. टेबलावर १२ व्होल्ट ५ ॲम्पियरच्या एसएमपीएस सप्लायवरही उत्तम. पहाटे बॅटरी साडेदहावर आली की बोर्डातून रातकिड्यासारखी किरकिर येते, मॉस्फेटला हात लावता येत नाही आणि कपॅसिटर अडीचशे व्होल्टच्या पुढे सरकत नाही. रानडुकरे नेमकी तेव्हाच येतात. तुम्ही विचारताय की सेकंडरीचे टर्न १४४ ऐवजी २०० केले तर जमेल का.

नाही जमणार. आणि कृपा करून ट्रान्सफॉर्मर उकलू नका, तो बहुधा या सगळ्यात एकटाच निर्दोष आहे.

टर्न वाढवण्याचा विचार येतो कारण आपण फ्लायबॅकला ट्रान्सफॉर्मर म्हणतो. तो तसा ट्रान्सफॉर्मर नाहीच. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आत व्होल्टेज कमी आले की बाहेर त्याच प्रमाणात कमी मिळते, म्हणून टर्न वाढवून भरपाई करता येते. फ्लायबॅकचे काम हंडा भरून ओतण्याचे आहे. मॉस्फेट चालू असताना प्रायमरीत करंट चढतो, म्हणजे हंडा भरतो. मॉस्फेट बंद झाला की तो सेकंडरीतून कपॅसिटरमध्ये ओतला जातो. नळाला प्रेशर कमी असले तर हंडा भरायला वेळ जास्त लागतो, पण हंडा तेवढाच राहतो. तुमचा हंडा केवढा ते सेन्स रेझिस्टर ठरवतो: ३८४३ च्या तीन नंबरच्या पिनवर १ व्होल्ट झाला की तो पल्स तोडतो, म्हणजे ०.२ ओहमवर ५ ॲम्पियर. अर्धा गुणिले २० मायक्रोहेनरी गुणिले ५ चा वर्ग, म्हणजे २५० मायक्रोज्यूल. सेकंदाला ५० हजार हंडे म्हटले तर साडेबारा वॉट. तुम्हाला कपॅसिटरमध्ये दर सव्वा सेकंदाला ३.२ ज्यूल हवेत, म्हणजे सरासरी अडीच-पावणेतीन वॉट. निम्मी शक्ती वाया गेली तरी पुरून उरते.

आता पाहायचे ते एवढेच, की कमी व्होल्टेजवर हंडा वेळेत भरतो का. मॉस्फेट, सेन्स रेझिस्टर, प्रायमरीची तार आणि पुरवठ्याची वाट मिळून ०.४ ओहम धरा. १२ व्होल्टला ५ ॲम्पियर गाठायला साधारण ९ मायक्रोसेकंद लागतात, ९ व्होल्टला साडेबारा. पूर्ण सायकल २० ची आहे, म्हणजे ९ व्होल्टलाही आरामात भरतो. ६ व्होल्टला मात्र २० मायक्रोसेकंद संपतात तरी ५ ॲम्पियर होत नाहीत, तिथे खरोखर कोंडी आहे. पण तुमची बॅटरी साडेदहा आहे, सहा नाही. म्हणजे गणिताने मशीन चाललेच पाहिजे, आणि चालत नाही. म्हणून मी पैज लावायला तयार आहे, की बॅटरीवरचे साडेदहा बोर्डापर्यंत साडेदहा राहून पोचतच नाहीत.

मोजायला बसण्याआधी एक सांगून ठेवतो. ४० मायक्रोफॅरड आणि ४०० व्होल्ट हा खेळ नाही. तुमच्या फीडबॅकच्या चार १ मेगओहम रेझिस्टरांतून तो हळूहळू उतरतो हे खरे, पण किती हळू? पाच-साडेपाच मिनिटांनी त्यावर अजून ५० व्होल्ट असतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. टोकही उडते आणि कपॅसिटरही दुखावतो. २.२ के, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन लांब इन्सुलेटेड वायरींना लावून ठेवा, तो टेकवा, अर्ध्या सेकंदात काम होते. मग मीटरने खात्री करा. टेस्टिंगच्या वेळी मोठा कपॅसिटर काढूनच टाका, त्या जागी १ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा. लोड म्हणून १० के, १० वॉटचे पाच सिमेंट रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. ४०० व्होल्टला ते सव्वातीन वॉट खातात, म्हणजे तुमच्या खऱ्या कामापेक्षा थोडे जास्तच. एससीआरचा ट्रिगर सोडवून ठेवा.

आता मोजमाप. मीटरचा काळा वायर बॅटरीच्या मायनसवर पक्का लावा आणि मशीन रडत असताना लाल वायर एकेक पायरी खाली आणत जा. बॅटरीचे टर्मिनल, मग पोलॅरिटीसाठी लावलेल्या डायोडच्या पुढे, मग फ्यूजच्या पुढे, मग ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची प्लस पिन, शेवटी आयसीची सात नंबरची पिन. मग काळा वायर बोर्डाच्या मायनसवर नेऊन लाल वायर बॅटरीच्या मायनसवर टेकवा. मायनसच्या वाटेतला ड्रॉप, म्हणजे वाटेत खाल्ले जाणारे व्होल्टेज, लोक मोजतच नाहीत.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे. टर्मिनलवर १०.४. तुम्ही १एन५४०८ लावलाय, तो चांगले ०.९ व्होल्ट खातो. राहिले ९.५. खोलीतल्या बॅटरीपासून मशीनपर्यंत तीन मीटर पातळ वायर, अर्धा स्क्वेअर एमएम असेल तर जाऊन-येऊन ०.२ ओहमच्या वर. त्यात फ्यूज होल्डरचा गंजका संपर्क. दीड ॲम्पियर सरासरीला यात अर्धा व्होल्ट सहज जातो. बोर्डावर ९.०. तिथून आयसीला तुम्ही १०० ओहममधून सप्लाय दिलाय. ३८४३ स्वतः ११ मिलिअँपच्या आसपास घेतो, वर आयआरएफ५४० ची गेट (त्याला उघडणारी-मिटणारी पिन) सेकंदाला ५० हजार वेळा भरायची, त्याचे तीन-साडेतीन. एकूण १५ मिलिअँप धरा, म्हणजे १०० ओहमवर दीड व्होल्ट. सातव्या पिनवर पोचले ७.५.

आणि यूसी३८४३ साधारण ८.४ व्होल्टला चालू होतो व ७.६ ला बंद पडतो.

किरकिर तीच आहे. आयसी चालू होतो, करंट ओढतो, व्होल्टेज ७.६ च्या खाली जाते, आयसी बंद पडतो. बंद पडला की त्याची भूक अर्ध्या-एक मिलिअँपवर येते, मॉस्फेटही थांबतो, सगळे ड्रॉप नाहीसे होतात, पिन पुन्हा ८.४ वर चढते, पुन्हा चालू. सेकंदाला काहीशे वेळा हे होते आणि कोअर ते गाऊन दाखवतो. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे ऑसिलोस्कोप) असेल तर सातव्या पिनवर लावा, ८.४ आणि ७.६ च्या मध्ये करवतीच्या दातांसारखी लाइन दिसली की निदान संपले. स्कोप नसेल तर सोपी युक्ती: आयसीची सप्लाय तात्पुरती वेगळी करून नऊ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीवरून द्या, मायनस कॉमन. किरकिर थांबली आणि ४०० व्होल्ट आले तर चोर सापडला.

मॉस्फेट तापण्याचे कारणही याच दीड व्होल्टात दडलेले आहे. ३८४३ चे आउटपुट त्याच्या सप्लायपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमीच असते. म्हणजे गेटवर जेमतेम ६ व्होल्ट. आयआरएफ५४० चा ऑन रेझिस्टन्स डेटाशीटमध्ये दिलाय तो गेटवर १० व्होल्ट असताना. सहाला तो उघडतो, पण अर्धवट उघडलेल्या नळासारखा. बाजारात मिळणाऱ्या ५४० मध्ये नकली मालही पुष्कळ असतो, त्याची तर बातच सोडा. आयआरएल५४०एन लावा. तो लॉजिक लेव्हलचा आहे, म्हणजे गेटवर कमी व्होल्टेज असतानाही नीट उघडतो, १०० व्होल्टचाच आहे आणि पिन त्याच.

उपाय करताना लोक एक चूक करतात, मीही केली आहे: सगळे एकदम बदलतात आणि मग कशाने बरे झाले ते कळत नाही. आधी १०० ओहम काढून १० ओहम लावा, त्यामागे १एन५८१९ डायोड, आणि आयसीच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडच्या जोडीला ०.१ चा सिरॅमिक. डायोड मुद्दाम सांगतोय. प्रायमरीने करंट ओढताना बोर्डावरचे व्होल्टेज खाली बसते, तेव्हा आयसीचा कपॅसिटर उलटा बाहेर रिकामा होऊ नये म्हणून. एवढ्यानेच सातव्या पिनवर एक व्होल्ट परत मिळतो.

मग बोर्डावरचा मुख्य कपॅसिटर. तुम्ही १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा लावलाय, तोही फोटोत ट्रान्सफॉर्मरपासून चार बोटे लांब दिसतो. इथे मायक्रोफॅरड मोजू नका, ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, बघा. स्वस्तातल्या १०० च्या कपॅसिटरचा ईएसआर अर्धा ओहम धरला आणि पल्सच्या टोकाला त्याला साडेतीन ॲम्पियर द्यावे लागले, तर तिथेच पावणेदोन व्होल्ट बसले. मीटरला हे दिसत नाही, मीटर सरासरी दाखवतो. तीन मीटरची वायर ही स्वतःसुद्धा दोन-तीन मायक्रोहेनरीची कॉइल असते, २० च्या प्रायमरीपुढे ती काही नगण्य नाही. १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन लो-ईएसआर कपॅसिटर पॅरललमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या पिनला खेटून लावा आणि त्यांच्या मायनसला सेन्स रेझिस्टरचा मायनस थेट सोल्डर करा. बोर्डभर फिरवून आणू नका. एससीआर पेटल्यावर तो मायनस उड्या मारतो आणि आयसीच्या तिसऱ्या पिनला भलतेच काहीतरी ऐकू येते.

वायर २.५ स्क्वेअर एमएमची करा. १एन५४०८ च्या जागी ५ ॲम्पियरचा, कमी ड्रॉपचा शॉटकी डायोड. फ्यूज होल्डर नवा घ्या. फ्यूज होल्डरचे नाव काढले की मला एक जुने मशीन आठवते. आमच्याकडे एक शेतकरी दादा त्यांचे मशीन घेऊन आले होते, दुखणे हुबेहूब तुमचेच. मी तरुण होतो, वाइंडिंगवर भारी विश्वास. तीन वेळा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. एकदा तर कोअर उघडताना फोडला. चौथ्या दिवशी दादा स्वतःच म्हणाले, "साहेब, ही काचेची नळी गरम कशी लागती ओ?" होल्डरच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढला होता. दहा रुपयांचा होल्डर. त्यानंतर आजतागायत मी आधी मीटर फिरवतो, मग सोल्डरिंग गन तापवतो.

हे सगळे करूनही ४०० येत नसतील, तरच पुढचे वाचा. तिसऱ्या पिनवर, म्हणजे सेन्स रेझिस्टरवर, स्कोप लावून करंटचा चढ बघा. सरळ रेषेत चढून १ व्होल्टला तुटत असेल तर उत्तम. वर जाता जाता रेषा आडवी पडू लागली, म्हणजे वाटेत अजून कुठेतरी ओहम आहेत किंवा सप्लाय बसतोय. उलट शेवटी रेषा एकदम उभी वर गेली, म्हणजे कोअर सॅच्युरेट होतोय, हंड्याला गळती. तुमच्या आकड्यांवरून तसे व्हायला नको: ईई२५ चे क्षेत्रफळ ५२ स्क्वेअर एमएम, १२ टर्न, ५ ॲम्पियर, तर फ्लक्स ०.१६ टेस्लाच होतो. फेराइट गरम असतानाही ०.३ पर्यंत सहन करतो. कोअरच्या दोन भागांमधली गॅप मात्र तपासा. २० मायक्रोहेनरीसाठी एकूण अर्धा मिलिमीटरच्या जवळ हवी. दोन्ही बाजूच्या पायांत कागद घातला असेल तर पाव-पाव मिलिमीटर, कारण फ्लक्स दोनदा गॅप ओलांडतो. इथे कित्येक जण अर्धा-अर्धा घालतात आणि प्रायमरी निम्मी मोजली की गोंधळतात.

तिसरा प्रकार म्हणजे चढाच्या अगदी सुरुवातीला एक उंच काटा. तो सेकंडरीच्या थरांमधल्या कपॅसिटन्सचा. १४४ टर्न एकावर एक रेटून गुंडाळले की ५० पिकोफॅरड सहज होतात, आणि प्रायमरीच्या बाजूला ते १२ च्या वर्गाने, म्हणजे १४४ पट होऊन दिसतात. काटा १ व्होल्टच्या वर गेला तर आयसीला वाटते ५ ॲम्पियर झाले, आणि तो हंडा भरण्याआधीच पल्स तोडतो. तिसऱ्या पिनला १ के आणि ४७० पिकोफॅरडचा फिल्टर आहे ना ते पाहा. आता लक्षात आले असेल की २०० टर्न केले असते तर काय झाले असते. शक्ती एक वॉटनेही वाढली नसती, हा काटा मात्र वाढला असता.

स्कोप नसलेल्यांसाठी एक ढोबळ खूण. इनपुट १२ वरून ९ केल्यावर आउटपुटही बरोबर तीन चतुर्थांश झाले तर सेकंडरी उलटी जोडली आहे, डॉट (वाइंडिंगच्या सुरुवातीची खूण) तपासा. मग ते फ्लायबॅक राहिलेच नाही, बारा गुणिले बारा १४४ व्होल्ट देणारा साधा ट्रान्सफॉर्मर झाला. इनपुट काहीही केले तरी आउटपुट एकाच आकड्याला अडकते, तर मॉस्फेटवरचा क्लॅम्प (जास्तीचे व्होल्टेज अडवणारा भाग) बघा: ४०० व्होल्टचे प्रायमरीवर ३३ होतात, आणि कोणी तिथे ३३ व्होल्टचा झेनर लावला असेल तर सगळा माल तोच गिळतो. आउटपुटचा डायोड १एन४००७ असेल तर तो बदलून यूएफ४००७ लावा. ४००७ हा ५० हर्ट्झचा गडी आहे, ५० किलोहर्ट्झला तो बंद व्हायलाच विसरतो.

आयसीबद्दल दोन शब्द. ३८४३ मिळाला नाही म्हणून दुकानदाराने ३८४५ दिला असेल तर "सेमच आहे" यावर जाऊ नका. चालू-बंद व्होल्टेज तेच आहे, पण तो ऑसिलेटरची प्रत्येक दुसरी सायकल सोडतो. ऑसिलेटरची फ्रीक्वेन्सी ठरवणारे जुनेच १० के आणि ३.३ नॅनोफॅरड ठेवले तर फ्रीक्वेन्सी निम्मी आणि शक्तीही निम्मी. ३८४२ तर १६ व्होल्टशिवाय चालूच होत नाही. याउलट ६ व्होल्टच्या बॅटरीवर काम करायचे असेल तर ३८४३ चा नाद सोडून ३ व्होल्टपासून चालणारा एमसी३४०६३ किंवा एलएम३४७८ घ्या, आणि ट्रान्सफॉर्मर ६ व्होल्ट धरून नव्याने मांडा.

कोणीतरी तुम्हाला हमखास सांगेल की एक्स्ट्रा वाइंडिंग घाला, आयसीला तिथून सप्लाय द्या. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर ट्यूबच्या सप्लायसारख्या, आउटपुट कायम एकाच व्होल्टेजवर राहणाऱ्या कामात हा उत्तम उपाय आहे. ५ टर्न टाकले की ४०० व्होल्टला १३-१४ मिळतात. पण झटका मशीनमध्ये आउटपुट दर सव्वा सेकंदाला शून्यावर येते. ते २९० च्या वर जाईपर्यंत त्या वाइंडिंगवर १० व्होल्टही नसतात. जिथे गरज आहे तिथेच ती उपाशी. म्हणून इथे नको. भरण्याच्या सुरुवातीला थोडी किरकिर येते आणि ती वर जाताना विरते, ती असू द्या. आउटपुट कमी असताना करंट पूर्ण उतरत नाही, त्याचा तो आवाज आहे.

आणि बॅटरी. लेड ॲसिड बॅटरी लोडवर १०.८ ला आली की तिच्यात काही उरलेले नसते. तुमची रोज पहाटे साडेदहाला येते म्हणजे एकतर पॅनल कमी पडतोय किंवा एक सेल गेलाय. दिवसभर चार्ज करून, सगळे सोडवून, दोन तासांनी मोजा. १२.७ च्या आसपास हवी. १०.६ दाखवली तर एक सेल शॉर्ट आहे, मशीनचा काही दोष नाही. मशीन मी सुचवल्याप्रमाणे ९.५ पर्यंत नीट चालेल, पण तिथपर्यंत बॅटरी रोज पिळली तर ती वर्षही काढणार नाही. १०.८ ला कटऑफ लावा.

टायमरला मात्र हात लावू नका. झटके कमी पडतात म्हणून सेकंदाला दोन करण्याचा मोह होतो. आयईसी ६०३३५-२-७६ या कुंपणाच्या मशीनच्या मानकात दोन झटक्यांत किमान एक सेकंद अंतर आणि ५०० ओहमवर एका झटक्यात ५ ज्यूलची कमाल मर्यादा आहे. अंतर एवढ्यासाठी, की चुकून तार पकडलेल्या माणसाला हात सोडवायला वेळ मिळावा. तुमचे ३.२ ज्यूल आणि सव्वा सेकंद मर्यादेत आहेत, ते तसेच राहू द्या. आणि मशीन दुरुस्तीला असताना "आजची रात्र" म्हणून तारेत घरची २३० व्होल्ट सोडणारे महाभाग आहेत. त्यात माणसे मेली आहेत, आणि तो गुन्हाही आहे.

सगळे झाल्यावर टेबलावर तपासताना ॲडजस्टेबल सप्लायची करंट लिमिट ५ ॲम्पियरवर ठेवा. ती दीडवर असेल तर सप्लायच आचके देईल आणि तुम्ही पुन्हा ट्रान्सफॉर्मरकडे बघू लागाल. व्होल्टेज कमी करायला सिरीजमध्ये १० ओहमचा रेझिस्टर तर अजिबात नको. १०.४ वर ठेवा, सातवी पिन मोजा. ९ च्या वर मिळाली आणि सिमेंट रेझिस्टरांवर ४०० स्थिर राहिले, की ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर परत लावा. तो अर्ध्या सेकंदाच्या आत भरला पाहिजे. तेवढा वेळ आणि सातव्या पिनचा आकडा मला कळवा.